कर्नलची मुलगी आणि लेफ्टनंट: फोर्ट क्रॉफर्डवरील एका प्रेमप्रकरणाचा अभ्यास

१८३२ साल सरत आले असताना अमेरिकेच्या वायव्य सरहद्दीवरील फोर्ट क्रॉफर्ड या किल्ल्यात चोवीस वर्षांचा एक लेफ्टनंट आपल्याच पलटणीच्या कर्नलच्या अठरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमात पडला. मुलगी राजी होती. तिचा बाप राजी नव्हता, आणि त्याचा नकार पुढे दोन वर्षांहून अधिक काळ टिकला. लेफ्टनंटचे नाव जेफरसन डेव्हिस, मुलीचे सारा नॉक्स टेलर आणि कर्नलचे झॅकरी टेलर. सासरा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि जावई त्याच देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेतील राज्यांच्या संघाचा, त्यामुळे या प्रकरणाचा उल्लेख सहसा राजकीय इतिहासाच्या कडेला एका वाक्यात उरकला जातो. सरहद्दीवरच्या लष्करी किल्ल्यात घडणारी हलकीफुलकी ऐतिहासिक प्रेमकथा ज्यांना लिहायची आहे, त्यांच्या दृष्टीने मात्र हे प्रकरण फार मोलाचे आहे. यात दंतकथाही आहे आणि कागदपत्रेही आहेत. दंतकथेत खिडकी, रात्र आणि पलायन आहे. कागदपत्रांत गणवेश, हजेरी आणि तोंडातून निघालेला एक हुंकार आहे. या दोहोंपैकी खरोखर हलकीफुलकी कथा कागदपत्रांतच आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का, हे या लेखात मांडायचे आहे.

प्रथम जागा नीट समजून घ्यायला हवी. किल्ला म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कडा, बुरूज आणि चिलखती दरवाजा उभा राहतो. फोर्ट क्रॉफर्ड तसा नव्हता. विस्कॉन्सिन नदी जिथे मिसिसिपीला मिळते, तिथे प्रेअरी दु शीन नावाचे फ्रेंच वळणाचे, कातड्यांच्या व्यापारावर जगणारे एक गाव होते आणि त्या गावालगत ही छावणी होती. १८१६ मध्ये बांधलेला पहिला लाकडी किल्ला सखल जागी असल्यामुळे पुराच्या पाण्यात सापडत असे, म्हणून १८२९ पासून वरच्या जमिनीवर चुनखडीच्या दगडात दुसरा किल्ला उभारायला सुरुवात झाली. मध्ये कवायतीचे मैदान आणि त्याच्या चारी बाजूंना बराकी, अधिकाऱ्यांची घरे व कोठारे, अशी चौकोनी मांडणी होती, म्हणजे कोण कोणाच्या दारात किती वेळ उभा राहिला हे सगळ्या मैदानाला दिसणार. हिवाळ्यात नदी गोठली की आगबोटी बंद पडत, टपाल रखडे, आणि मूठभर अधिकारी व त्यांची कुटुंबे वसंत ऋतूपर्यंत एकमेकांच्या सहवासात अडकून पडत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकात जे घडते तेच इथे घडत होते. फरक इतकाच की इथे वाड्याचा कर्ता पुरुष हाच किल्ल्याचा मुख्य अधिकारी होता आणि त्याचा शब्द हा लष्करी हुकूम होता.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण सगळ्या प्रकरणाची कळ तिथे आहे. मुलीच्या बापाने स्थळ नाकारणे ही जगात कुठेही घडणारी गोष्ट आहे. बापाचे घर आणि मुलाची नोकरी एकाच माणसाच्या हाताखाली असली, म्हणजे मग प्रश्न निराळा होतो. डेव्हिसला रोज सकाळी ज्याच्यासमोर हजर व्हायचे, ज्याच्या हुकमाने कामगिरीवर जायचे, ज्याच्या सहीने रजा मिळवायची, त्याच माणसाच्या दिवाणखान्यात संध्याकाळी मुलीसाठी बसायचे होते. दोन्ही नात्यांचे शिष्टाचार वेगळे असतात. कनिष्ठाने वरिष्ठाशी वाद घालायचा नसतो, आणि लग्नाचा उमेदवार वादच घातला नाही तर हरतो. लेखकाने शत्रूचा हल्ला, जळते तट, शेवटच्या क्षणी आलेली कुमक यांच्या मागे न लागता नुसते हे दुहेरी नाते हाती धरले, तरी प्रसंगामागून प्रसंग आपोआप सुचत जातील.

कर्नलचा नकार हेकेखोरपणाचा होता असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. टेलर १८०८ साली, म्हणजे डेव्हिसचा जन्म झाला त्याच वर्षी, सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाला होता. त्यानंतरचे त्याचे आयुष्य एका सरहद्दीवरून दुसऱ्या सरहद्दीवर गेले. साराच्या नावातले ‘नॉक्स’ हे इंडियाना प्रदेशातील ज्या फोर्ट नॉक्सवर ती १८१४ च्या मार्चमध्ये जन्मली त्या ठाण्याचे आहे. सोन्याच्या साठ्यामुळे आज प्रसिद्ध असलेला केंटकीतील फोर्ट नॉक्स निराळा. घरची मंडळी तिला लाडाने नॉक्सी म्हणत, म्हणजे मुलीच्या हाकेतसुद्धा बापाची बदली ऐकू येत होती. १८२० मध्ये टेलरच्या दोन लहान मुली लुइझियानात तापाने एकाच वर्षात दगावल्या आणि त्यांची आईही त्या दुखण्यातून जेमतेम उठली. थोरली मुलगी अ‍ॅन हिने १८२९ मध्ये रॉबर्ट वुड या लष्करी डॉक्टरशी लग्न केले आणि ती नदीच्या आणखी वरच्या अंगाला फोर्ट स्नेलिंगवर संसार करायला गेली. आता दुसरी मुलगीही त्याच वाटेने निघाली होती. लष्करी माणसाच्या बायकामुलांचे काय होते हे मला पुरते ठाऊक आहे, मी माझ्या मुलांना धड ओळखत नाही आणि ती मला ओळखत नाहीत, या अर्थाचे त्याचे बोलणे पुढे सांगितले जात असे, आणि डेव्हिस या माणसाविषयी आपली तक्रार नाही असेही त्याने म्हटल्याचे सांगतात. शब्द नेमके काय होते याची खात्री देता येत नसली, तरी त्यामागची कारणे त्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसतात. अशा प्रेमकथेत बाप खलनायक म्हणून रंगवला की कथा स्वस्त होते. त्याचे म्हणणे वाचकाला पटत असतानाही दोघांचे लग्न व्हावेसे वाटले पाहिजे, आणि इथे वास्तवाने ती सोय करून ठेवली आहे.

तक्रार नसलेल्या माणसाविषयी कर्नलला तक्रार कशी निर्माण झाली, त्याची हकिगत डेव्हिसच्या बाजूने आलेली आहे. किल्ल्यावर एका लष्करी न्यायालयाचे काम चालायचे होते आणि त्यात टेलर, मेजर स्मिथ, डेव्हिस व पलटणीत नव्याने आलेला एक लेफ्टनंट असे चौघे बसणार होते. न्यायालयात पूर्ण गणवेशात बसण्याचा नियम होता. नव्या लेफ्टनंटचा गणवेश खाली सेंट लुईसजवळच्या जेफरसन बॅरक्समध्ये राहिला होता, म्हणून त्याने सवलत मागितली. टेलरचे मत सवलतीच्या विरुद्ध पडले, स्मिथचे बाजूने पडले, आणि डेव्हिसने स्मिथच्या बाजूने मत दिले. टेलर आणि स्मिथ यांचे आधीच पटत नव्हते. ज्या तरुणाला आपली मुलगी हवी आहे त्याने नेमक्या त्याच माणसाला साथ द्यावी, याचा टेलरला इतका संताप आला की हा मुलगा आपल्या घरात पाऊल टाकणार नाही, असे त्याने जाहीर केले.

या प्रसंगातला विनोद कोणाच्या थट्टेतून आलेला नाही. तो माणसांच्या स्वभावातून आलेला आहे, म्हणून तो मला इतका आवडतो. टेलर हा पोशाखाच्या बाबतीत सैन्यातला सर्वांत बेफिकीर अधिकारी म्हणून पुढे ख्याती पावला. मेक्सिकोच्या युद्धात गवती टोपी आणि जुनापुराणा कोट घातलेला सेनापती पाहून नवखे सैनिक त्याला ओळखत नसत. अशा माणसाने दुसऱ्याच्या गणवेशासाठी आग्रह धरावा आणि त्या गणवेशावरून स्वतःच्या मुलीचे लग्न अडवावे, ही गोष्ट कल्पनेने रचली असती तर वाचकाने ओढूनताणून आणलेली म्हटली असती. डेव्हिसचे मतही तपासून पाहण्यासारखे आहे. त्या क्षणी मुलीच्या बापाच्या बाजूने हात वर केला असता तर त्याचे बरेचसे काम सोपे झाले असते. त्याने ते केले नाही, कारण नवख्या सोबत्याची मागणी त्याला रास्त वाटली होती, किंवा वरिष्ठाला खूश करण्यासाठी मत दिले असे कोणी म्हणू नये असे त्याला वाटले असावे. पुढच्या आयुष्यातही तत्त्वाच्या नावाखाली हटून बसण्याचा त्याचा स्वभाव वारंवार दिसतो. नायकाचा गुण आणि नायकाची अडचण एकच असली की कथा उभी राहते, ती अशी.

घराचे दार बंद झाल्यावर या दोघांना कॅप्टन मॅक्री याच्या घराचा आधार मिळाला. मॅक्रीची पत्नी साराची मैत्रीण होती आणि तिच्या घरी दोघांच्या भेटी होत असत. चौकोनी मैदानाच्या एका बाजूला कर्नलचे घर आणि जवळच कॅप्टनचे, असा हा मामला असल्यामुळे कर्नलला यातले काहीच कळले नसेल हे मानणे अवघड आहे. कळूनही न कळल्यासारखे करण्याची सोय घट्ट वस्तीत माणसे एकमेकांना देत असतात. डेव्हिसने एकदा टेलरला द्वंद्वाचे आव्हान द्यायचे ठरवले आणि मॅक्रीला आपला साक्षीदार होण्याची गळ घातली, तेव्हा ज्याला सासरा करायचे आहे त्याच्यावर पिस्तूल रोखण्यात काय अर्थ आहे, असे म्हणून मॅक्रीने त्याला परतवले, अशीही एक आठवण सांगितली जाते. ती शंभर टक्के खरी असो वा नसो, सरहद्दीवरच्या प्रेमकथेत सगळ्यात गरजेचे पात्र कोण, ते तिच्यातून दिसते. शहाणा शेजारी नसता तर हे लग्न झालेच नसते.

या किल्ल्याच्या तटाबाहेर त्याच वर्षी काय घडले होते, हे हलकीफुलकी कथा लिहिणाऱ्याने मनात ठेवलेच पाहिजे. १८३२ च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये सॉक जमातीचा म्होरक्या ब्लॅक हॉक आणि त्याचे लोक यांच्याविरुद्ध मोहीम झाली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मिसिसिपीच्या काठावर, प्रेअरी दु शीनच्या थोडे वरच्या अंगाला, नदी ओलांडू पाहणाऱ्या बायकामुलांसह शेकडो माणसांची कत्तल झाली. टेलर त्या मोहिमेत होता. ब्लॅक हॉक ऑगस्टच्या अखेरीस प्रेअरी दु शीनला स्वाधीन झाला, आणि त्याला आगबोटीने जेफरसन बॅरक्सपर्यंत नेण्याचे काम डेव्हिसकडे आले. या तरुण अधिकाऱ्याने आपल्याला माणुसकीने वागवले, असे ब्लॅक हॉकने नंतर आपल्या आत्मकथनात सांगून ठेवले आहे. डेव्हिससोबत जेम्स पेंबर्टन हा त्याच्या कुटुंबाच्या मालकीचा गुलाम सरहद्दीवर आलेला होता. डेव्हिस न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला असताना त्याची सगळी शुश्रूषा पेंबर्टनने केली. टेलरही गुलामांचा मालक होता. कर्नलच्या घरातला निवांतपणा आणि लेफ्टनंटचा जीव या दोन्ही गोष्टी ज्यांच्या श्रमांवर उभ्या होत्या, त्यांना कथेतून पुसून टाकले तर जे उरते ते खोटे असते. हलकेपणासाठी या माणसांना दडवण्याची गरज नाही. त्यांना पुरते माणूस म्हणून, त्यांच्या स्वतःच्या नजरेसह कथेत आणले, तर ती नजरच लेफ्टनंटच्या प्रेमदुःखाचा खरा आकार दाखवील.

१८३३ च्या वसंतात डेव्हिसची फोर्ट क्रॉफर्डवरून रवानगी झाली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्या मार्चमध्ये घोडदळाची नवी पलटण मंजूर केली होती, डेव्हिसची तिच्यात नेमणूक झाली, आणि तो आधी भरतीच्या कामाला व शेवटी आजच्या ओक्लाहोमातील फोर्ट गिब्सन या ठाण्यावर गेला. तेव्हापासून लग्नाच्या दिवसापर्यंतची दोन वर्षे हे प्रेम पत्रांवर जगले. त्यातले डेव्हिसने १६ डिसेंबर १८३४ रोजी फोर्ट गिब्सनहून साराला लिहिलेले पत्र टिकले आहे. स्वप्ने म्हणजे माणसाचे सर्वांत दुबळे विचार हे आपण दोघे मान्य करू, पण अलीकडे त्याच स्वप्नांनी मला वेडे व्हायची पाळी आणली आहे, अशा आशयाचे त्यात लिहिले आहे. लष्करी शाळेत शिकलेला, नियमांवर बोट ठेवणारा हा माणूस पत्रात आपल्या स्वप्नांची कबुली देतो आणि ती देताना एखाद्या वकिलासारखा आधी मुद्दा मान्य करून घेतो, हे वाचताना तो एकदम जवळचा वाटू लागतो.

पत्रानंतर आठच दिवसांनी, २४ डिसेंबरच्या पहाटे, फोर्ट गिब्सनवर थंडी आणि पाऊस होता. डेव्हिसची छाती आधीपासून नाजूक होती, म्हणून सकाळच्या हजेरीला तो तंबूबाहेर आला नाही. तिथला त्याचा वरिष्ठ मेजर मेसन याने त्याला बोलावून याचा जाब विचारला. बोलता बोलता डेव्हिसने ‘हं!’ असा हुंकार दिला आणि तो पाठ फिरवून निघाला. मेसनने त्याला अटकेत टाकले आणि १८३५ च्या फेब्रुवारीत त्याच्यावर रीतसर लष्करी खटला चालला, ज्यात हा एक हुंकार उद्धटपणाचा होता की नव्हता यावर साक्षीपुरावे झाले. डेव्हिसने बचाव स्वतःच मांडला आणि केवळ स्वरावरून माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही या अंगाने युक्तिवाद केला. घटना घडली, पण तिच्यात गुन्हा नाही, असे ठरवून न्यायालयाने त्याला मोकळे केले. निर्दोष सुटल्यावर तो लगेच रजेवर गेला आणि जाताना राजीनामा मागे ठेवून गेला.

इथे प्रकरणाला एक सुंदर वळण मिळते. कर्नलची हरकत लष्करी जावयाला होती. ती हरकत कोणाच्या विनवणीने दूर झाली नाही, ती एका हुंकाराने दूर केली. राजीनाम्यामागे लग्न किती, मेसनचा राग किती आणि मिसिसिपी राज्यात शेती करण्याचा मोठ्या भावाचा आग्रह किती, याचे माप काढता येणार नाही. कथालेखकाला त्याची गरजही नसते, कारण माणसे मोठे निर्णय असेच सरमिसळ कारणांनी घेतात.

लग्न १७ जून १८३५ रोजी केंटकीत लुईव्हिलजवळ टेलरच्या बहिणीच्या घरी झाले. घरचे नातेवाईक हजर होते. आईवडील मात्र फोर्ट क्रॉफर्डवरच होते. साराने त्याच दिवशी आईला पत्र लिहिले, त्यात इतक्या लवकर लग्न होत असल्याबद्दल तुला आश्चर्य वाटेल असे म्हटले, आपण प्रवासाचा पोशाख आणि टोपी घालूनच लग्नाला उभ्या राहणार असल्याचे कळवले, आणि वडिलांच्या मायेच्या पत्राबद्दल व त्यांनी पाठवलेल्या सढळ रकमेबद्दल आभार मानले. खिडकीतून पळून गेल्याची दंतकथा या पत्रापुढे टिकत नाही, तरीही ती डेव्हिसच्या हयातभर चालू राहिली आणि त्याला ती पुन्हा पुन्हा खोडून काढावी लागली. मला विचाराल तर पळून जाणाऱ्या मुलीपेक्षा ही मुलगी कितीतरी सरस आहे. तिने एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली, आत्याच्या घरातून लग्न केले, आणि नकार देणाऱ्या बापाकडून पैसे व आशीर्वादाचे चार शब्दही मिळवले. एक तपशील आणखी आहे. डेव्हिसचा राजीनामा ३० जूनपासून अमलात आला, म्हणजे लग्नाच्या मुहूर्ताला तो कागदोपत्री अजून लेफ्टनंटच होता. कर्नलची दुसरी मुलगीसुद्धा, तेरा दिवसांच्या फरकाने का होईना, लष्करी माणसालाच दिली गेली.

यापुढची हकिगत थोडक्यात सांगतो. नवे जोडपे ऐन उन्हाळ्यात, तापाच्या हंगामात, मिसिसिपी राज्यात उतरले. ११ ऑगस्टला साराने आईला लिहिले की माझी काळजी करू नकोस, हा मुलूख चांगला निरोगी आहे; तू तळघरात दुधावरची साय काढतेस, कोंबड्यांना दाणे टाकायला जातेस, हे मला इथून दिसत असते. त्यानंतर लुइझियानात डेव्हिसच्या बहिणीकडे गेले असताना दोघांनाही हिवतापाने गाठले, आणि १५ सप्टेंबर १८३५ रोजी सारा गेली. संसार तीन महिन्यांचाही झाला नाही. ज्या मुलखाने टेलरच्या दोन मुली नेल्या होत्या त्याच मुलखाने तिसरी नेली. डेव्हिस वाचला आणि कित्येक वर्षे लोकांपासून दूर राहिला.

मग ही कथा हलकीफुलकी कशी म्हणायची, हा प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. माझे उत्तर असे की लेखकाला शेवट निवडण्याचा अधिकार आहे, शेवट खोटा रचण्याचा नाही. प्रवासाची टोपी घातलेली नवरी आणि अजून हजेरीपटावर असलेला नवरा इथे कथा थांबवली तर ती खरीच राहते, कारण त्या दिवशी त्या दोघांना तेवढेच ठाऊक होते. नंतरचे सगळे वाचकाला ठाऊक असले तरी चालते. किंबहुना तळघरातल्या दुधावरच्या सायीला त्यामुळेच इतकी गोडी येते. मात्र त्या दोघांना दीर्घायुष्य देऊन, किंवा डेव्हिसला पुढच्या काळातला गुलामगिरीचा पुरस्कर्ता होण्यापासून सोडवून, कथा गोड करण्याचा मोह टाळायलाच हवा.

सासरा-जावयाचे पुढे जमले. बोलणे मेक्सिकोच्या युद्धाआधीच सुरू झाले होते, आणि फेब्रुवारी १८४७ मध्ये ब्वेना व्हिस्ताच्या लढाईत टेलरच्या हाताखाली लढताना डेव्हिसच्या पायात गोळी लागली, तेव्हा जुन्या रागाचा मागमूस राहिला नव्हता. डेव्हिसने १८४५ मध्ये दुसरे लग्न केले होते आणि नव्या पत्नीला घेऊन निघाला असता वाटेत तो साराच्या कबरीवर थांबला होता. जुलै १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलर मृत्युशय्येवर असताना ही दोघे त्याच्याजवळ होती. फोर्ट क्रॉफर्डवर गणवेशाचा वाद रंगला तेव्हा आठ वर्षांची असलेली टेलरची धाकटी मुलगी बेटी हिने डिसेंबर १८४८ मध्ये, बाप राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यानंतर महिन्याभरात, लग्न केले. नवरा होता विल्यम ब्लिस, सैन्यातला अधिकारी आणि टेलरचा स्वतःचा कारभार सांभाळणारा उजवा हात.